यावेळी अर्ध्यावर सोडू नका : 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' पुन्हा पडद्यावर आणणाऱ्यांना खुलं पत्र

सी-सॉ फिल्म्स आणि मिखाएल एंडे प्रॉडक्शन्समधल्या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मार्च २०२४ मध्ये तुम्ही दोन्ही निर्मिती कंपन्यांनी मिळून जाहीर केलंत की 'द नेव्हरएंडिंग स्टोरी' परत पडद्यावर आणतोय, आणि एकच सिनेमा नाही तर सिनेमांची मालिका करायचा बेत आहे. बातमी वाचून इतका आनंद झाला की घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवली, ज्यांचं या पुस्तकाशी काही देणंघेणं नाही त्यांनासुद्धा. पण लगेच धाकधूकही सुरू झाली, कारण या पुस्तकावर एकदा सिनेमा झालेला आहे आणि तेव्हा काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. मागणी एकच आहे, आधीच सांगून टाकते. पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग गाळू नका. बाकी ड्रॅगन कसा दिसावा, राजवाडा केवढा असावा, बजेट किती, ते तुमचं तुम्ही बघा, त्यावर मी फार भांडणार नाही. या एका गोष्टीवर मात्र भांडणार, आणि मनापासून भांडायचं तर ते आपल्या भाषेतच जमतं म्हणून मराठीत लिहितेय.

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते, तुम्ही हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल. मिखाएल एंडेचं हे पुस्तक १९७९ मध्ये जर्मनीत आलं. बास्टियन नावाचा दहा-अकरा वर्षांचा मुलगा, अंगाने जाडा, अभ्यासात मागे, एका वर्षी नापास झालेला, वर्गातली पोरं रोज छळतात. आई गेलीये. बाबा दातांच्या कवळ्या बनवायचं काम करतात आणि आई गेल्यापासून घरात असून नसल्यासारखेच आहेत, रागावतही नाहीत, मुलगा नापास झाला तरी नुसते बघतात. हा मुलगा जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक चोरतो आणि शाळेच्या माळ्यावर लपून वाचत बसतो. त्या पुस्तकात फँटॅस्टिका नावाचं जग आहे, त्याची बालसम्राज्ञी आजारी आहे, आणि सगळं जग हळूहळू 'शून्य' गिळत चाललंय. अत्रेयू नावाचा एक मुलगा उपाय शोधायला निघतो. मूळ पुस्तक दोन रंगांच्या शाईत छापलं होतं, माळ्यावरचं जग एका रंगात आणि फँटॅस्टिका दुसऱ्या. उपाय असा निघतो की माणसांच्या जगातल्या एखाद्या मुलाने सम्राज्ञीला नवीन नाव द्यायचं. बास्टियन ते देतो, आणि स्वतःच पुस्तकात ओढला जातो.

इथे साधारण आपल्याला वाटतं की झालं, संपली गोष्ट. पण पुस्तकात सव्वीस प्रकरणं आहेत, ए ते झेड प्रत्येक अक्षराचं एक, आणि तो नाव देतो ते बाराव्याच्या शेवटी. म्हणजे निम्म्याहून जास्त पुस्तक अजून पुढे आहे.

१९८४ चा सिनेमा जवळजवळ तिथेच थांबला. मी तो कॅसेटवर पाहिलाय आणि त्याला नावं ठेवायला हे पत्र लिहीत नाहीये. दलदलीत अत्रेयूचा घोडा बुडतो तो सीन मला आजही बघवत नाही, आणि म्युनिकजवळच्या बव्हेरिया स्टुडिओत अत्रेयूला पाठीवर नेणारा तो पांढरा ड्रॅगन बघायला अजून लोक जातात ते काय उगाच नाही. दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसनने त्या काळात, कॉम्प्युटर ग्राफिक्स नसताना, बाहुले आणि सेट वापरून जे उभं केलं त्याला हात जोडलेच पाहिजेत. पण शेवट आठवा. बास्टियन ड्रॅगनवर बसून आपल्या शहरात येतो आणि छळणाऱ्या पोरांची घाबरगुंडी उडवतो, पोरं पळतात आणि जाऊन कचऱ्याच्या डब्यात पडतात, थिएटरमध्ये टाळ्या. मग निवेदक म्हणतो की त्याने अजून पुष्कळ इच्छा केल्या, पुष्कळ पराक्रम केले, आणि शेवटी तो परत आला, पण ती वेगळी गोष्ट. ती वेगळी गोष्ट नाहीये हो! तीच गोष्ट आहे. एंडे यावर चिडला, कोर्टात गेला, हरला, आणि सिनेमाच्या सुरुवातीला येणारं आपलं नाव त्याने काढायला लावलं. काहीजण म्हणतात लेखक मंडळी अशीच हट्टी असतात, त्यांना सिनेमा कळत नाही. मला नाही पटत. याच माणसाच्या 'मोमो' या कादंबरीवर १९८६ मध्ये सिनेमा झाला त्यात तो स्वतः छोट्या भूमिकेत दिसतो. म्हणजे सिनेमाशी त्याचं वाकडं नव्हतं. त्याचं भांडण या एका सिनेमाशी होतं, आणि माझ्या मते त्याचं बरोबर होतं.

का बरोबर होतं ते सांगते, कारण हेच तुमच्या लेखकांनी भिंतीवर चिकटवून ठेवावं असं मला वाटतं.

पुढच्या भागात बास्टियनला सम्राज्ञीचं पदक मिळतं आणि तो जी इच्छा करेल ती पुरी व्हायला लागते. पहिल्यांदा त्याला सुंदर व्हायचंय, होतो. ताकदवान व्हायचंय, होतो. शूर, शहाणा, मोठा, सगळ्यांनी आपल्याकडे बघत राहावं असा, सगळं होतो. पण प्रत्येक इच्छेला आपल्या जगातली एक आठवण जाते, आणि गेली हे त्याला कळतही नाही. सुंदर झाला तेव्हा आपण कधी जाडे होतो हेच तो विसरला. वाचणाऱ्याला ते कळतं, त्याला कळत नाही. जे आपण पाहतोय ते हिरोला दिसत नाहीये, आणि तरी तो आनंदात पुढे पुढे चाललाय, याहून जास्त धडधड दुसऱ्या कशाने होणार, सांगा बरं? आणि हे दाखवायला स्पेशल इफेक्टही लागत नाहीत. पहिल्या अर्ध्या तासात आपण त्याच्या घरातल्या ज्या चार गोष्टी पाहिल्या त्याच एकेक करून त्याच्या बोलण्यातून गायब करायच्या, बस. प्रेक्षकातली आठ वर्षांची मुलगीसुद्धा ओळखेल.

एक मुलगी माझ्या घरातच आहे. माझ्याकडे राल्फ मॅनहाइमचा इंग्रजी अनुवाद आहे, तो समोर धरून मी रात्री लेकीला मराठीत सांगत जायचे, जमेल तसं. दुसऱ्या भागात बास्टियन सिंहासनाच्या मागे लागतो, झायीडे नावाची चेटकीण त्याचे कान भरते, आणि आपल्या सगळ्यात जवळच्या मित्राला, अत्रेयूला, तो हाकलून देतो. पुढे हस्तिदंती मनोऱ्यापाशी, म्हणजे सम्राज्ञीच्या राजवाड्यापाशी, लढाई होते. बास्टियनकडे एक जादूची तलवार आहे, तिचा नियम असा की ती आपणहून हातात आली तरच वापरायची, जबरदस्तीने उपसायची नाही. आणि हा तिथे ती जोर लावून उपसतो आणि अत्रेयूच्या छातीवर वार करतो. लेक ताडकन उठून बसली. म्हणाली, "म्हणजे आता हाच वाईट झाला?" मी म्हटलं पुढे ऐक. तर म्हणाली, "नाही, आधी सांग, तो परत चांगला होणारे का?" आता मला सांगा, आपला हिरो, ज्याच्यासोबत आपण इतका वेळ माळ्यावर बसलोय, ज्याचं सफरचंद संपलं तेव्हा आपल्यालाही भूक लागली, तोच चुकतोय आणि तो परत येईल की नाही हे माहीत नाही, याच्यापुढे कचऱ्याच्या डब्यात पडणाऱ्या पोरांची काय किंमत?

त्यानंतर जुन्या सम्राटांचं शहर येतं. ते तर पूर्णच्या पूर्ण घ्या, हात जोडून सांगते. बास्टियनच्या आधी जी माणसं आपल्या जगातून फँटॅस्टिकात आली, इच्छा करत सुटली आणि सगळ्या आठवणी गमावून बसली, ती तिथे राहतात. त्यांना आता काहीच नको असतं, कारण मागचं काही आठवत नसेल तर पुढचं काही हवंसं वाटणार कुठून. एक माकड त्यांची देखरेख करतं. आणि ती माणसं दिवसभर काय करतात, तर अक्षरांचे फासे टाकतात. फासे टाकायचे, जी अक्षरं पडतील ती वाचायची, परत टाकायचे. बहुतेक वेळा अर्थहीन काहीतरी येतं, क्वचित एखादा शब्द जुळतो. ही माणसं एकेकाळी गोष्टी सांगू शकत होती! मला तर आता हे वाचताना जास्तच अंगावर येतं, आजूबाजूला जे चाललंय ते बघून. तुम्ही हा सीन गाळून तिथे अजून एक लढाई घातलीत तर फार वाईट वाटेल.

आणि मग खाण. तुम्हाला वाटत असेल की लढाई नाही, ड्रॅगन नाही, शेवटची दोन-तीन प्रकरणं नुसती शांत आहेत, मुलं कंटाळतील, थिएटरमध्ये मोबाइल काढतील. म्हणून हा भाग जरा सावकाश सांगते. बास्टियनकडे आता फक्त स्वतःचं नाव उरलंय. शेवटची इच्छा आहे, कुणावर तरी प्रेम करता यावं, आणि ती पुरी व्हायला तेही जाणार. तो योर नावाच्या आंधळ्या खाणकामगाराकडे येतो. त्या खाणीत जमिनीखाली माणसांची विसरलेली स्वप्नं आहेत, पातळ अभ्रकासारख्या पत्र्यांवरची चित्रं, एकावर एक थर. मुलगा रोज खाली उतरायचा, काळोखात, अंग चोरून, नुसत्या हाताने चाचपडत ती नाजूक चित्रं सोडवून वर आणायचा, आणि बर्फावर मांडून ठेवलेली चित्रं बघत फिरायचा. एकही चित्र त्याच्याशी बोलत नाही. आणि मग एक दिवस एक चित्र सापडतं. पांढरा कोट घातलेला एक माणूस, हातात प्लास्टरची कवळी, चेहऱ्यावर शांत काळजी, आणि तो माणूस जणू बर्फाच्या लादीत गोठलेला आहे, दिसतो पण हात पोचत नाही. बास्टियनला तो कोण हे आठवत नाही. स्वतःचं नावही आता गेलंय. फक्त पोटातून काहीतरी ओढ लागते.

माझी लेक इथे जवळजवळ ओरडलीच, "अगं ते त्याचे बाबा आहेत! सांग ना कुणीतरी त्याला!"

हा तुमचा क्लायमॅक्स आहे. यात तलवार नाही की स्फोट नाही, एक मुलगा आणि एक चित्र आहे, आणि बघणाऱ्या प्रत्येक मुलाला ओरडून सांगावंसं वाटणार आहे. कृपा करून इथे पार्श्वसंगीत कमी ठेवा.

तुमच्या मीटिंगमध्ये कुणीतरी नक्की म्हणेल की मुलांच्या सिनेमात हिरो एवढा बिघडलेला चालत नाही. चालतो. मुलांना स्वतःला माहिती असतं की आपण कधीकधी वाईट वागतो, आपल्या चांगल्या मित्राला तोडून टाकतो, आणि मग परत कसं जायचं हे कळत नाही. पुस्तकातला अत्रेयू, ज्याच्या छातीवर वार झालाय तोच, शेवटी बास्टियनसाठी उभा राहतो. जीवनजलाच्या झऱ्यापाशी बास्टियनला स्वतःचं नाव सांगता येत नाही तेव्हा अत्रेयू त्याच्या वतीने बोलतो, आणि बास्टियनने फँटॅस्टिकात सुरू करून अर्धवट सोडलेल्या सगळ्या गोष्टी मी पुऱ्या करीन असं वचन देतो. त्या पाण्यात बास्टियन परत स्वतःसारखा होतो, तोच जाडा मुलगा, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा तसंच असावंसं वाटतं. म्हणून अजून एक विनंती याच्याच पोटात येते. बास्टियन खरोखर जाडा मुलगाच घ्या. मागच्या वेळी सडपातळ, गोड दिसणारा मुलगा घेतला होता. त्याने काम छानच केलं, त्याचा दोष नाही, पण सुरुवातीला मुलगा जाडा नसेल तर 'मला सुंदर व्हायचंय' याला काही अर्थ उरत नाही आणि शेवटी परत येण्यालाही नाही. आमच्याकडेही वर्गावर्गात असा एक मुलगा असतो ज्याला सगळे नावाने नाही तर अंगावरून हाक मारतात. त्याला पडद्यावर स्वतःसारखा मुलगा दिसू दे, आणि तो बारीक न होता जिंकू दे.

पहिल्या भागाबद्दल फार लिहीत नाही, तो तुम्ही नीटच कराल. पण दोन जागा सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक म्हणजे ग्मॉर्क, तो लांडगा. पुस्तकात तो अत्रेयूला सांगतो की फँटॅस्टिकातले जे जीव त्या शून्यात पडतात ते मरत नाहीत, ते माणसांच्या जगात खोटेपणा बनून येतात, आणि मग त्या खोट्याने माणसांना हवं तसं वळवता येतं. १९७९ चं लिखाण आहे हे. आज घरोघरी फोनवर जे फॉरवर्ड येतात आणि आपलीच माणसं त्यावरून एकमेकांवर तुटून पडतात ते बघितल्यावर हा संवाद एका ओळीत उरकू नका. मुलांना तो समजेल, मोठ्यांना जास्त समजेल. दुसरं, बारावं प्रकरण. बास्टियन नाव द्यायला घाबरतो म्हणून सम्राज्ञी एका म्हाताऱ्याकडे जाते जो सगळं लिहून ठेवतो, आणि त्याला गोष्ट पहिल्यापासून वाचायला लावते. तो वाचत वाचत परत इथपर्यंत येतो, परत पहिल्यापासून सुरू, आणि बास्टियन तोंड उघडत नाही तोवर हे चक्र थांबत नाही. सिनेमात हे किती भारी होईल, दुकानाच्या काचेपासूनचे आपण पाहिलेले तेच शॉट परत येतायत, परत येतायत, आणि थिएटरमधल्या सगळ्यांना कळतंय की हा पोरगा बोलला नाही तर आपणही इथेच अडकणार!

ड्रॅगनबद्दल भांडणार नाही म्हटलं होतं, पण एवढंच, तो पुस्तकात कुत्र्यासारखा नाहीये. सिंहासारखं डोकं, अंगावर शिंपल्यासारखे चमकणारे खवले, आणि हवेत पोहतोय असं वाटावं इतका हलका. आणि अत्रेयूची कातडी हिरवट आहे, त्याचंही काहीतरी बघा.

आता पैशाचं. मला माहितीये की सव्वीस प्रकरणं एका सिनेमात मावणार नाहीत. मागच्या वेळीही हेच कारण असणार, आणि तेव्हा ते जर्मनीतल्या सगळ्यात महाग सिनेमांपैकी एक काम होतं, त्यामुळे धास्ती समजू शकते. पण मग पुढे काय झालं तेही आठवा. सिनेमाचा दुसरा भाग १९९० मध्ये आला, सहा वर्षांनी, बास्टियनच बदललेला, चेटकीण आली, आठवणी जायची कल्पनाही आली, पण इच्छा, आठवणी आणि बाबा यांचा जो पीळ होता तो सुटला. १९९४ च्या तिसऱ्याबद्दल न बोललेलं बरं. पहिला चालला तर दुसरा बघू, या हिशोबाने हे पुस्तक करता येत नाही, कारण पहिल्या भागात जे पेरलंय ते सगळं दुसऱ्यात उगवतं. बाबांचं ते गप्प बसणं, घरातली ती शांतता, ते तुम्ही पहिल्या सिनेमात दोन मिनिटांत उरकलंत तर खाणीतलं चित्र कुणालाच ओळखू येणार नाही.

तुम्ही मालिका म्हणालाय, ते ऐकून बरं वाटलं. आणि तुमच्यातल्या एका कंपनीवर तर एंडेचंच नाव आहे, तेव्हा तो कशासाठी कोर्टात गेला होता हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. तर माझं म्हणणं असं आहे. दोन्ही भागांची पटकथा आधी पूर्ण करा, मग शूटिंग सुरू करा, आणि जमलं तर दोन्ही एकाच दमात शूट करा. दहा-अकरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांत ओळखू येत नाही इतका वाढतो, आवाज फुटतो, आणि इथे तर शेवटच्या सीनमध्ये तो पहिल्या सीनमधलाच मुलगा दिसायला हवा. पुस्तकात त्याला वाटतं कित्येक दिवस उलटले आणि बाहेर फक्त एक रात्र गेलेली असते. तो सकाळी घरी पोचतो, रात्रभर शोधून दमलेले बाबा त्याला कवेत घेतात, आणि मग तो त्यांना सगळं सांगत बसतो, सगळं, आणि बाबांच्या डोळ्यात पाणी येतं. दोन वर्षांनी वाढलेल्या मुलाला त्या बाबांसमोर कसं उभं करणार तुम्ही?

पहिला भाग नाव देण्यापाशी संपवायचा असेल तर खुशाल संपवा, ती जागा चांगली आहे. मात्र त्याच्या शेवटी दुसऱ्या भागाची तारीख टाका, आणि ती पाळा.

तुमची,
महाराष्ट्रातली एक वाचक